अकरा पंक्चर

एका पंक्चरचे चाळीस.
तिकीट चारशे नव्याण्णव.
ट्यूबच्या सांडलेल्या पावडरीत बोटानं
उन्नतीनं हिशेब मांडला:
"अकरा पंक्चर, बाबा. पुरी टीमच बसली म्हणा ना हवा सोडून.
अन् वरचे एकोणसाठ, सुविधा शुल्क."
सुविधा कोणाची, ते मोबाइलवर लिहिलेलं नव्हतं.
त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत
सातच पंक्चर आले.

अजनीच्या रेल्वे क्वार्टरांमागचं हे मैदान.
वडील सायकलच्या दांड्यावर बसवून आणायचे.
गोलच्या मागे, जाळीला नाक लावून
आम्ही कामठीच्या पोरांच्या पिंढऱ्या पाहायचो.
मध्यंतरात चादर फिरायची,
चार कोपरे चौघांच्या हातात.
पडेल ते पडेल: दहा पैसे, आठ आणे,
एकदा कोणाची तरी शर्टाची गुंडी.
गुंडी टाकणाऱ्यालाही कोणी उठवलं नाही.
हरलेल्या संघाचं परतीचं भाडं त्यातून निघायचं,
उरलं तर रेफरीला चहा.

मग पत्रे आले.
पत्र्यांवर हिरवं कापड आलं.
दहा रुपये झाले, मग पन्नास.
तेव्हा आम्ही कुरकुरत का होईना, गेलो,
पन्नासात माणूस कुरकुरू शकतो.
चारशे नव्याण्णवला
तो नुसता दुसरीकडे पाहतो.

फायनलला आम्ही पत्र्याबाहेर.
अय्यूबचाचा, दोन ऑटोवाले, शाळा सुटलेली पोरं,
अन् रंगय्या, ज्यानं एकतीस वर्षं
इथं चुन्याच्या रेघा मारल्या.
गेटवरचा पोरगा म्हणाला, "काका, क्यूआर?"
रंगय्यानं सगळे खिसे चाचपले.
चष्म्याचं रिकामं घर निघालं.

चाचा पत्र्याला कान लावून.
"डावीकडून गेला... क्रॉस चुकला...
हा पाय नाही बे, गुडघा लागला."
आतला गलका एकदम उंच उठला अन् फुटला.
गोल झाला, एवढं कळलं.
कोणी केला, ते पत्रा सांगत नाही.

मध्यंतराला चाचांनी खांद्यावरचा दुपट्टा पसरला.
जुनी सवय असेल.
आम्ही काही न विचारता कोपरे धरले.
दहा, वीस, एका ऑटोवाल्याचे शंभर,
चिल्लर, पुन्हा चिल्लर,
पाचशे चार झाले.
अर्धी मॅच, पुरे पैसे, एक तिकीट.
उरलेले पाच चाचांनी वेगळे काढले, "रेफरीचा चहा."

"जाय, रंगय्या."
"मला दूरचं सारं धुकंच दिसते," तो म्हणाला,
"पोरीला पाठवा. तिचे डोळे कोरे आहेत."

रात्री दुकानाचं शटर अर्धं खाली.
फरशीवर इकडे नट, तिकडे वॉशर,
व्हॉल्व्हची टोपी म्हणजे चेंडू.
पहिला हाफ चाचांनी मांडला, आवाजावरून.
एक वॉशर दोनदा मागे घेतलं:
"ऑफसाइड होतं, मला ऐकू आलं."
दुसरा उन्नतीनं, डोळ्यांवरून,
घाईत, मधेच मागे जात,
कोणाच्या बुटाची लेस सुटली तेसुद्धा.
एक नट घरंगळून कॉम्प्रेसरखाली गेला.
आम्ही दहा जणांवर खेळ चालू ठेवला.

साडेअकरा झाले.
रंगय्या सारा वेळ गप्प होता.
उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला,
"अन् रेघा?"

"मशिनच्या होत्या, आजोबा. सरळ.
एका कॉर्नरजवळ फक्त तुटली होती."

"पाण्याच्या टाकीकडला?"

"हो."

"तिथं जमीन बसते," रंगय्या म्हणाला,
"चुना थोडा जास्त घ्यावा लागते.
कोणी विचारलंच नाही."